आधी पालथा हात

४ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा रक्तदाब वाढलाय, राग मनात ठेवत जाऊ नका. मी म्हटलं, मनात ठेवतंय कोण? ज्याचा त्याला तिथल्या तिथे देऊन टाकते. त्या म्हणाल्या, तेच बंद करा आणि त्याऐवजी रोज थोडं लिहून काढा. म्हणून ही वही. रागच लिहायचा असेल तर मला विषय शोधत बसावा लागणार नाही.

आज साहेबांनी बैठक घेतली. भिंतीवर मोठा कागद चिकटवला होता, त्यावर दोन रंगीत खांब. उंच खांब बागेकडच्या मुलांचा, बुटका भट्टीकडच्यांचा. भट्टीकडची शाळा शिक्षण मंडळाने काही वर्षांपूर्वी बंद केली आणि काचकामगारांची पोरं आणून बागेकडच्या शाळेत बसवली. आता पहिलीच्या सगळ्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या झाल्या. घेतल्या आम्हीच, म्हणजे मी आणि माझ्या सहकाऱ्याने. त्याला ऑफिसात सगळे फुटपट्टी म्हणतात आणि त्याला ते आवडतं.

"सरासरी बारा गुणांचा फरक आहे," साहेब म्हणाले. "मी कुणाला कमी लेखत नाही हं. पण काही गट असेच असतात, त्याला आपण काय करणार?"

"असेच म्हणजे कसे?" मी विचारलं. ते नुसते हसले. हा माणूस हसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पंच्याऐंशीच्या खाली गुण असलेली मुलं नव्या सत्रापासून आधार वर्गात जाणार. आधार वर्ग म्हणजे शाळेच्या मागे, गोदामाला लागून असलेली खोली. नाव मोठं गोंडस. माझी इतकी वर्षं या नोकरीत गेली, पण त्या खोलीत गेलेलं एकही पोर परत मुख्य वर्गात आलेलं मी पाहिलं नाही. आणि त्या यादीत माझ्या ताईची टिल्ली आहे. गुण एक्क्याऐंशी.

टिल्ली! जी मला पत्त्यांत रडकुंडीला आणते, ती!

नात्यातलं मूल म्हणून तिची चाचणी मला घेता येत नव्हती, फुटपट्टीने घेतली. मी त्याला जिन्यात गाठलं. "नीट घेतलीस ना रे?" तो म्हणाला, "पुस्तकात आहे तसं, शब्दन् शब्द." वर म्हणतो कसा, "मुलगी गोड आहे हो, पण जरा संथ आहे." हातातला पाण्याचा जग त्याच्या डोक्यावर रिकामा करावासा वाटला.

६ जानेवारी

ताईकडे गेले. दार ढकलून सरळ आत. ताई म्हणाली, "मोडशील ते एक दिवस. आधी बस, पाणी पी, मग बोल." मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

ताईचा चेहरा उतरला. मग चढला. "म्हणजे माझी पोर मठ्ठ आहे, असं तुमच्या ऑफिसचं म्हणणं?"

"माझं नाही, साहेबांचं."

"पण चाचण्या तूच घेतेस ना? दर वर्षी या गल्लीतली पोरं त्या मागच्या खोलीत जातात. तेव्हा कधी अशी तणतणत आली नाहीस ती. आज आपल्या घरातलं पोर निघालं म्हणून आलीस."

फार लागलं मला ते. ताईचा स्वभावच तसा, समोरच्याला कुठे बोचेल ते बरोबर ठाऊक असतं तिला. पण चाचण्यांमधलं तिला काय कळतंय?

भाऊजी कामावरून आले. ते भट्टीवर काच फुंकतात. मुळात मितभाषी माणूस, त्यात थकलेला. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "तिला वाचता येतं. सुट्टे पैसे मोजून आणते. मग राहिलं काय?" टिल्ली टेबलाखाली बसून माझ्या चपलांचे बंद एकमेकांना बांधत होती. जाताना मी तोंडावर आपटता आपटता वाचले आणि ती पोट धरून हसली. हिला म्हणे संथ!

९ जानेवारी

भट्टीकडची काही मुलं आजारी होती, त्यांच्या राहिलेल्या चाचण्या आज मी घेतल्या. ठोकळ्यांच्या भागात सगळी आपटतात. काम काही अवघड नाही. लाल-पांढरे ठोकळे समोर ठेवायचे, कार्डावरची नक्षी दाखवायची, "सुरू कर" म्हणायचं आणि घड्याळ दाबायचं. नक्षी किती वेळात जुळली त्यावर गुण. त्या दोन शब्दांनंतर आम्ही अवाक्षर काढायचं नाही, तसा नियमच आहे.

पण ही पोरं सुरूच करत नाहीत. थिजल्यासारखी बसतात. मग हात पुढे येतो तो उलटा. हाताची पाठ ठोकळ्यांच्या वरून फिरवतात, एकेकाला कुरवाळल्यासारखी, आणि तोवर घड्याळ आपलं पळतंय. लागोपाठ तिघांनी हाच प्रकार केला. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, अरे उचल ना बाबा! एक मुलगी तर माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी शेऱ्यात लिहिलं: बिचकतात.

घरी यांना कुणी खेळणी दिली आहेत की नाही कोण जाणे. भट्टीकडच्या आयाबापांचा राग आला. मूल जन्माला घालायचं आणि चार ठोकळे आणून द्यायचे नाहीत!

१२ जानेवारी

रविवार. टिल्लीला खूश करायला बाहुली घेऊन गेले, मोठी, डबाबंद. डबा तिच्या पुढ्यात ठेवला, तर बाईसाहेब त्याला हातच लावेनात. आधी डब्याच्या वर हाताची पाठ धरली, मग माझ्याकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "घे." तेव्हा कुठे फाडला. मी म्हटलं, "अगं, चावते की काय ती?" सगळे हसले.

जेवताना बाप-लेक अगदी एकासारखे एक. सुपाच्या वाटीजवळ दोघांचेही हात आधी उलटे. मी मात्र पहिल्याच घोटाला जीभ पोळून घेतली. ताई म्हणाली, "तू पोटातून बाहेर आलीस तीच घाईत, आई सांगायची." रविवार छान गेला. ऑफिसचा विषय कुणी काढला नाही.

१६ जानेवारी

उपाहारगृहात बागेकडच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "दिवसभर आगीजवळ राहून त्या लोकांची डोकीच सुकत असतील." आणि वर, "मी आपलं गमतीत म्हणतेय."

मी ताट सरकवून उठले. पाणी त्यांच्या मांडीवर सांडलं. मुद्दाम नाही सांडलं, पण वाईटही वाटलं नाही.

१९ जानेवारी

गाढव आहे मी. ठार गाढव. बिनडोक, आंधळी, घोडचूक करणारी बाई. पंच्याऐंशीच्या खाली मलाच टाकायला हवं.

संध्याकाळी ताईकडे ओट्यावर एक काचेची बरणी होती, नुकतीच गरम पाण्यात उकळून काढलेली. दिसायला बाजूच्या बरणीसारखीच. मी गप्पा मारता मारता उचलायला गेले आणि बोंब मारली. टिल्ली टाळ्या पिटत नाचायला लागली, "मावशीला पालथा हात येत नाही! मावशीला पालथा हात येत नाही!"

"काय येत नाही?"

"अगं, आधी पालथा हात!" तिने करूनही दाखवलं. हाताची पाठ बरणीच्या जवळ नेली, थांबली, मग म्हणाली, "तापलीय."

भाऊजींनी माझ्या बोटावर पाणी ओतलं. म्हणाले, "काचेचं असं असतं. लाल असते तेव्हा कुणीही लांब राहील. पण लाली गेली की तापलेली आणि गार, दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून आमच्याकडे पोर रांगायला लागलं की पहिलं हेच शिकवतात. हात लावायच्या आधी पालथा हात. आणि मोठ्यांनी 'घे' म्हटल्याशिवाय उचलायचं नाही."

माझ्या डोळ्यांपुढे ते ठोकळे आले. ती पोरं बिचकत नव्हती. त्यांना शिकवलेलं ती इमानेइतबारे करत होती आणि 'घे' ऐकायची वाट बघत होती. आणि आम्ही नियमाप्रमाणे तोंड शिवून बसलो होतो, घड्याळ हातात धरून! गुण कापत होतो आम्ही त्यांचे, शहाणपणाचे!

टिल्लीची पापी घेतली. बोट अजून हुळहुळतंय. पण उद्या साहेबांना बघते.

२२ जानेवारी

फुटपट्टीला पटवायला दोन दिवस लागले. शेवटी म्हणाला, मोजून बघू, मोजायला काय हरकत आहे. दोन घड्याळं घेतली. एक "सुरू कर" म्हटल्यावर दाबायचं, दुसरं पोराचा हात ठोकळ्याला लागल्यावर. भट्टीकडची आणि बागेकडची, दोन्हीकडची मुलं पुन्हा बसवली, दुसऱ्या नक्षीची कार्डं घेऊन. बागेकडचं पोर "सुरू" ऐकायच्या आधीच ठोकळ्यांवर झडप घालतं. भट्टीकडचं पोर थांबतं, पण एकदा हात लावला की असं काही चालतं की बघत राहावं. फुटपट्टीच्या कपाळावर आठी पडली. आठी पडली म्हणजे त्याला काहीतरी पटलं.

२७ जानेवारी

साहेबांपुढे मांडलं. हात लागल्यापासून वेळ धरली तर फरक बारावरून सहावर येतो. टिल्लीसारखी कितीतरी मुलं पंच्याऐंशीच्या वर जातात.

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "आणि उरलेले सहा?"

"ते मला माहीत नाही."

"बघा! म्हणजे फरक आहेच."

माझा तोल गेला. "साहेब, इतकी वर्षं आपल्याला या अर्ध्या फरकाचं कारण माहीत नव्हतं. पोरं रोज समोर बसून दाखवत होती, तरी दिसलं नाही. उरलेल्याचं अजून दिसलेलं नाही, म्हणून मी सरळ सांगते की माहीत नाही. तुम्हाला मात्र बाराच्या बारा गुणांचं कारण खुर्चीतून न उठता कळलं होतं!"

ते शांत. माझा आवाज चढला की ते जास्तच शांत होतात, मला वेडी ठरवायला बरं पडतं. म्हणाले, "घड्याळ शब्दांवर सुरू होतं. पुस्तकात तसं आहे. ते बदललं तर बाकीच्या शाळांशी तुलना कशी करणार? एका गल्लीसाठी नियम बदलता येत नाही." मग एकदम उदार झाले. "असं करू. फेब्रुवारीअखेर यादीतल्या मुलांची पुन्हा चाचणी घेऊ. तोवर तुम्ही त्यांना शिकवा, पटकन हात घालायला. सवयच आहे ना? मोडा."

घरी येईपर्यंत शिव्या घालत आले. पण आता लिहिताना वाटतंय, चला, काहीतरी तर मिळालं. नियम बदलत नसेल तर पोरं बदलू. आधार वर्गात तर जाऊ द्यायची नाहीत. मी पण इरेला पेटले आहे!

३ फेब्रुवारी

शाळेत रोज मधल्या सुट्टीनंतर भट्टीकडच्या मुलांना घेऊन बसते. बाजारातून साधे लाकडी ठोकळे आणले. "मी सुरू म्हटलं की झडप घालायची. थांबायचं नाही. कुणाची वाट बघायची नाही." पहिल्या दिवशी सगळे उलटे हात घेऊन बसले. मी ज्याचा हात उलटा त्याच्या हातावर हलकी टिचकी मारते. हसतात. शिकतायत.

८ फेब्रुवारी

टिल्लीची तयारी घरीही सुरू केली. ताई भाजी चिरत बघत होती. मी घड्याळ लावते, टिल्ली झडप घालते. तिला शर्यतीची मजा वाटते. "मावशी, किती? मावशी, आता किती?" सारखं तेच.

भाऊजी दारात उभे होते. म्हणाले, "हे नको."

"काय नको?"

"हात घालायला शिकवू नका. ती माझा डबा घेऊन येते रोज कारखान्यात."

"भाऊजी, हे लाकडाचे ठोकळे आहेत. लाकूड आणि काच यातला फरक न कळण्याइतकी ती खुळी नाही."

"तिला फरक कळावा म्हणून शिकवलेलं नाही ते. विचार करावा लागू नये म्हणून शिकवलंय."

मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला! इथे मी रक्त आटवतेय आणि यांचं आपलं भट्टी एके भट्टी. मी म्हटलं, "तुम्हाला तुमची मुलगी गोदामाशेजारी सडलेली चालेल का? तिनेही पुढे डबेच पोचवावेत असं वाटतं का?"

ते आत गेले. ताई म्हणाली, "जरा जास्तच बोललीस." मी म्हटलं, कुणीतरी बोलायला हवं होतं. बोलायचं तेव्हा बोलत नाहीत म्हणूनच या लोकांवर ही वेळ येते.

१५ फेब्रुवारी

टिल्ली भन्नाट! उलटा हात पार विसरली. आज मी "सु" म्हटलं आणि ठोकळा तिच्या मुठीत. एक टिचकीसुद्धा मारावी लागली नाही.

२६ फेब्रुवारी

पुन्हा चाचणी. मी बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. आत फुटपट्टी. टिल्ली बाहेर आली ती उड्या मारत. "मावशी, मी थांबलेच नाही!"

१ मार्च

त्र्याण्णव!

टिल्लीला त्र्याण्णव! मुख्य वर्ग! यादीतल्या बहुतेकांना मुख्य वर्ग मिळाला, तिघेच राहिले, त्यांच्यासाठीही भांडेन. साहेब हात मिळवायला पुढे आले, "तुमच्या मेहनतीचं फळ." मी हात मिळवला. आज सगळ्यांना माफ.

ताई रडली, हसली, पुन्हा रडली. मला मिठी मारून म्हणाली, "त्या दिवशी बोलले ते मनात ठेवू नकोस गं." भाऊजींनी टिल्लीला खांद्यावर घेतलं. "तुला एक मासा करून देतो, काचेचा. निळा," म्हणाले. टिल्ली म्हणाली, "शेपटीवाला." ते म्हणाले, "मासे शेपटीवालेच असतात." किती दिवसांनी त्यांना असं हसताना पाहिलं.

५ मार्च

दवाखान्यातून आत्ता आले. लिहिलं नाही तर काहीतरी फोडेन.

टिल्लीचा उजवा तळवा भाजला. तळहातभर फोड. डॉक्टर म्हणतात बोटं वाचतील, वळायला मात्र वेळ लागेल.

दुपारी डबा घेऊन ती कारखान्यात गेली होती. भाऊजींनी तिचा मासा नुकताच केला होता आणि लोखंडी पत्र्यावर ठेवून फुंकायची नळी जागेवर ठेवायला वळले होते. निळा मासा, शेपटीवाला. वळून बघेपर्यंत तिने मुठीत घेतला होता.

मी दवाखान्याच्या बोळात भाऊजींना वाट्टेल ते बोलले. एवढंसं पोर भट्टीपाशी येऊच कसं देता? अक्कल आहे का तुम्हाला? नर्स बाहेर आली, तरी मी थांबले नाही.

ते भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्यात पोरं डबा घेऊन येतात. मीही आणायचो. कुणाचा हात भाजला नाही."

"मग आज कसा भाजला?" मी ओरडले.

त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. ताई मधे आली आणि म्हणाली, "तू घरी जा." असा आवाज तिने माझ्याशी कधी काढलेला नाही. बहिणीला अशा वेळी घालवून देतात का?

६ मार्च

कळलं.

सकाळी चहाचा कप उचलायला गेले आणि हात मधेच थांबला. तेव्हा कळलं. तसाच कप ठेवून बसून राहिले. भाऊजींनी मला सांगितलं होतं, सरळ शब्दांत सांगितलं होतं. आणि मी त्यांनाच अक्कल विचारून आले.

१० मार्च

साहेबांनी अहवाल तयार केलाय. "भट्टीकडच्या मुलांमध्ये उल्लेखनीय सुधारणा. हात लावण्यापूर्वीचा विलंब जवळजवळ नाहीसा." खाली माझ्या सहीची जागा.

मी दारही वाजवलं नाही. "ही सुधारणा दवाखान्यात पडलीय," म्हटलं. "हाताला पट्टी बांधून!"

"ऐकलं मी. फार वाईट झालं. पण अपघाताचा आणि चाचणीचा संबंध लावू नका."

"संबंध मी लावत नाही, अपघात मीच केलाय! या हातांनी टिचक्या मारून केलाय. आणि तुम्ही मला सांगितलंत, मोडा म्हणून. एका घड्याळाचा खटका थोडा उशिरा दाबायचा होता, साहेब. एवढंच करायचं होतं. ते तुम्हाला जड झालं, म्हणून आपण सहा वर्षांच्या पोरांना आगीत हात घालायला शिकवलं!"

ते म्हणाले, "शांत व्हा." मी म्हटलं, होणार नाही. मी आजपासून भट्टीकडच्या एकेका घरी जाणार आहे, मी काय शिकवलं ते सांगणार आहे, आणि पोरांना ते विसरायला लावा म्हणून हात जोडणार आहे. मंडळालाही कळवणार आहे. यापुढे घड्याळ पोराचा हात लागल्यावर सुरू होईल, नाहीतर चाचण्या घ्यायला दुसरी माणसं बघा. सही करणार नाही.

"मग हे पुन्हा घेतलेले गुण बाद करावे लागतील," ते म्हणाले. "सगळ्यांचेच."

हसले नाहीत या वेळी. मला धमकी कळली. सगळी पोरं परत गोदामाशेजारी. मी घड्याळ त्यांच्या टेबलावर ठेवलं, ठेवलं म्हणजे आपटलंच, आणि म्हटलं, "करून बघा. प्रत्येक पोराच्या आईबापांना बरोबर घेऊन येते मंडळात. टिल्लीलाही आणते. पट्टीसकट."

बाहेर फुटपट्टी उभा होता. सगळं ऐकलं असणार. "कुठला हात?" त्याने विचारलं. उजवा, मी म्हटलं. तो पायरीवर जाऊन बसला.

१२ मार्च

तीन दिवस घरोघर फिरतेय. काही जणांनी दारातूनच घालवलं. एक म्हातारी म्हणाली, "तुला कुणी सांगितला होता हा उद्योग?" बरोबर आहे तिचं. चार शिव्या जास्त दिल्या असत्या तरी चाललं असतं. काही घरांत त्याच क्षणी पोराला समोर बसवलं आणि पालथ्या हातासाठी ताटली मांडली. सोमवारी मंडळात यायला पंधरावीस जण तयार आहेत. काय होईल माहीत नाही. आता मला 'माहीत नाही' म्हणायची सवय झाली आहे.

ताईची गल्ली सोडून सगळीकडे गेले होते. आज शेवटी गेले. दार हळू वाजवलं. ताईने उघडलं, मग बाजूला झाली.

टिल्ली जमिनीवर बसली होती, उजवा हात पांढऱ्या गोळ्यासारखा. मला बघून खुलली. "मावशी!" तिला माझ्याशी भांडायचं असतं हे अजून कुणी सांगितलेलं नाही. ताईने दुधाचा पेला आणून तिच्यापुढे ठेवला. टिल्लीचा डावा हात सरळ पेल्यावर गेला.

"थांब!" मी केवढ्यांदा ओरडले. तिने दचकून हात मागे घेतला.

"तूच तर म्हणालीस, थांबायचं नाही."

भाऊजी खाटेवर बसले होते. ते उठले. आता हे मला काय बोलतील ते ऐकायची मी तयारी केली. ते टिल्लीसमोर मांडी घालून बसले, पेला मधे सरकवला आणि रांगत्या पोराशी बोलतात तसं म्हणाले, "आधी पालथा हात."

टिल्लीने डावा हात उलटा केला, पेल्याजवळ नेला. थांबली. बापाकडे बघत राहिली.

भाऊजींनी लगेच 'घे' म्हटलं नाही. माझ्याकडे मान वळवली.

"तुम्हीसुद्धा," म्हणाले.

मी खाली बसले. माझा हात उलटा करून तिच्या हाताशेजारी धरला. दूध कोमट होतं. तरी आम्ही दोघी, ते 'घे' म्हणेपर्यंत तशाच थांबलो.